सात दिवसांची आठवण

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला महिन्याच्या शेवटी एक प्रश्न पडतोच. घरून आलेले पैसे गेले कुठे? गेल्या चार-सहा दिवसांचा हिशोब तोंडपाठ असतो. सबमिशनची झेरॉक्स, कॅन्टीनचा चहा, रविवारी रात्री मेस बंद म्हणून बाहेर खाल्लेली अंडा-भुर्जी. पण त्याआधीचं? शून्य! मग आपण काय करतो? रूम पार्टनरकडे संशयाने बघतो. हिशोब ठेवला नाही आपण आणि चोर ठरतो तो!

ही झाली गंमत. पण 2023 साली, मी दुसऱ्या वर्षाला असताना, अगदी असाच संशय मी एका माणसावर घेतला. तो गमतीवारी गेला नाही. त्याचीच ही गोष्ट.

माझं आजोळ घोटावडे, तालुका मुळशी. हिंजवडीच्या काचेच्या इमारती मागे टाकून माण ओलांडलं की रस्ता घोटावड्याकडे जातो. पौडच्या बाजूने यायचं तर पिरंगुटजवळ घोटावडे फाट्याला वळायचं. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला भाताची खाचरं आणि अधेमधे पत्र्याच्या शेड. त्यातल्याच एका शेडमध्ये माझ्या मामांचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, दोन सीएनसी, आठ-दहा माणसं. माळ्यावर ऑफिस आणि ऑफिसच्या कोपऱ्यात मामा ज्याला "भाच्याचं डबडं" म्हणतात तो सर्व्हर.

हा सर्व्हर म्हणजे माझा पहिला पराक्रम! जुनं, सेकंडहँड मशीन. त्यावर मी डेबियन लिनक्स टाकलं होतं. बिलं, चलनं, ड्रॉइंगं, सीएनसीचे प्रोग्रॅम सगळं त्यावर. चार-चार टीबीच्या दोन डिस्क एकमेकींची आरशासारखी नक्कल करतील अशा लावलेल्या, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहेच. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत हे सगळं उभं केलं तेव्हा मी स्वतःला फार मोठा इंजिनिअर समजत होतो. (आता समजत नाही. का, ते पुढे कळेल.)

त्या वर्षी खंडेनवमी 23 ऑक्टोबरला होती. वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा असते, म्हणून हॉस्टेलवरून गेलो. लेथला झेंडूची माळ, सीएनसीला माळ, माझ्या डबड्यालाही हळद-कुंकू! पेढा तोंडात टाकतोय तोच मामा म्हणाले, "अरे, तुझं हे डबडं महिन्याच्या सुरवातीला झोपलं होतं. रविवार होता. सकाळपासून टेम्पो दारात उभा आणि चलन निघेना. मागच्या महिन्यातपण एकदा असंच झालं. जरा बघ की."

आता रविवारी वर्कशॉप चालू कसं, असं शहरातल्या वाचकांना वाटेल. पुण्याच्या कारखानदारीत गुरुवारची सुट्टी ही जुनी पद्धत आहे. मामांकडेही तेच. रविवार म्हणजे त्यांच्याकडे कामाचा, त्यातही माल पाठवायचा दिवस.

मी मोठ्या रुबाबात खुर्ची ओढली. मशीनवर सिसस्टॅट नावाचं पॅकेज टाकलेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे पॅकेज दर दहा मिनिटांनी मशीनची नाडी बघतं. प्रोसेसर किती कामात होता, मेमरी किती भरली, डिस्कवर किती वाचलं-लिहिलं गेलं. दिवसाला अशा 144 नोंदी. रोजची एक फाईल. 'सार' ही कमांड दिली की त्या दिवसाचा सगळा पाढा समोर.

मी सार मारलं. 22 ऑक्टोबर छान. 21 छान. 20, 19, 18, 17... छान. आणि त्यामागे काहीच नाही! फाईलच नाही.

सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ असते, 'हिस्टरी'. तिथे आकडा होता 7. म्हणजे सात दिवसांपेक्षा जुनं रोज आपोआप पुसायचं. हा आकडा मी ठरवला नव्हता, तो पॅकेजबरोबर आला होता. तक्रार होती 1 तारखेची, मी बघत होतो 23 ला. मशीनला मागचा आठवडा आठवत होता. त्याआधीचं त्याच्या लेखी घडलंच नव्हतं.

इथे मी काय म्हणायला हवं होतं? "मामा, त्या दिवसाची नोंद नाही, मला सांगता येणार नाही." एवढं एक वाक्य! पण समोर मामा, मामी, चार कामगार, हातात पेढा आणि मी भावी इंजिनिअर. मी म्हणालो, "मशीनला काही झालेलं दिसत नाही. रविवारी सकाळी ऑफिस कोण उघडतं?"

ऑफिस उघडायचा तो ऑफिसातला मुलगा. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणायचो. जवळच्याच गावचा, बाहेरून बीकॉम करत होता. बिलं, चलनं, हजेरी, बँकेत जाणं सगळं तो बघायचा. दादा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "मी आठला आलो तेव्हापासूनच स्लो होतं. मी काहीच केलं नाही." त्यावर मी हसत हसत म्हणालो, "एखादा पिक्चर डाउनलोडला लावून विसरला असशील."

मला खरंच ती थट्टा वाटली होती. मामांना नाही वाटली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दादाला ऑफिसमधून काढून खाली पॅकिंगला घेतलं आणि ऑफिसची किल्ली मामीकडे दिली. मला हे फोनवर कळलं. माझी इंटर्नल चालू होती. मी "बरं" म्हणालो आणि विसरून गेलो. माझीही हिस्टरी सात दिवसांचीच!

त्या दिवशी एकच गोष्ट मी बरी केली. मामांनी विचारलं होतं, "एवढं कॉम्प्युटर, आणि मागच्या महिन्याचं दाखवता येत नाही? आमच्या कालनिर्णयवर दुधाचा खाडासुद्धा जानेवारीपासून सापडेल." हा टोला मला लागला. निघण्यापूर्वी मी 7 खोडून तिथे 400 लिहिलं.

400 च का? मी तेव्हा केलेला हिशोब सांगतो, कारण तो कुणालाही उपयोगी पडेल. जी घटना महिन्यातून एकदा घडते ती ओळखायची तर एकदा दिसून भागत नाही. दोनदा, शक्यतो तीनदा दिसायला हवी. म्हणजे किमान तीन महिने. आणि काही गोष्टी वर्षाच्या असतात. मार्चअखेर, दिवाळीआधीची घाई, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की जाणारी लाईट. यंदाचा मार्च गेल्या मार्चशेजारी ठेवायचा तर 365 दिवसही कमी पडतात, वर एक महिना हवाच. म्हणून 400.

जागेचं काय? त्या मशीनवर एका दिवसाची फाईल एक एमबीपेक्षा कमी भरत होती. एक एमबी धरली तरी 400 दिवसांचे 400 एमबी. चार टीबीच्या डिस्कचा दहा हजारावा भाग! म्हणजे जागेचा प्रश्न नव्हताच. कुणी विचार केला नव्हता एवढंच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. या फायलींच्या नावात फक्त तारीख असते, 01 ते 31. महिनाभरापेक्षा जास्त ठेवायचं म्हटलं तर 5 नोव्हेंबर आणि 5 डिसेंबर एकाच नावावर भांडतील. म्हणून आकडा 28 च्या वर गेला की सिसस्टॅट व्यवस्था बदलतं आणि आवृत्तीप्रमाणे नावात किंवा फोल्डरमध्ये वर्ष-महिना येतो. ज्यांनी आपल्या स्वतःच्या स्क्रिप्ट जुन्या नावांवर लिहिल्या असतील त्यांनी त्या तपासाव्यात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आकडा बदलल्याने मागचं काही परत येत नाही. 23 ऑक्टोबरला मी 400 लिहिलं तरी 1 ऑक्टोबर गेला तो गेलाच.

मग दिवाळी झाली, परीक्षा झाल्या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घोटावड्याला गेलो. मामा म्हणाले, "पुन्हा दोनदा झालं बरं का. एकदा दिवाळीच्या आधी, एकदा परवाच्या रविवारी." मी विचारलं, "ऑफिस कोणी उघडलं होतं?" "तुझ्या मामीने."

मी सार लावलं. या वेळी 17 ऑक्टोबरपासूनचा प्रत्येक दिवस जागेवर होता. एक एक फाईल उघडत गेलो. डिस्कची वाट बघण्यात प्रोसेसरचा जो वेळ जातो त्याचा एक रकाना असतो, आयओवेट. रोज तिथे एक-दोन टक्के. 5 नोव्हेंबरला तिथे एकदम चाळीसच्या वर! आणि 3 डिसेंबरला तसंच. दोन्ही रविवार. दोन्ही महिन्याचे पहिले रविवार.

मग वेळ बघितली आणि माझ्या पोटात गोळा आला. आकडा चढायला सुरुवात रात्री एक वाजून पाच मिनिटांच्या नोंदीत. त्याआधीची नोंद, 12 वाजून 55 मिनिटांची, अगदी स्वच्छ. म्हणजे रात्री 12:55 ते 1:05 या दहा मिनिटांत काहीतरी सुरू होत होतं. त्या वेळी शटरला कुलूप. आत माणूस नाही, पिक्चर नाही, दादा नाही.

पुढचं शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. डेबियनमध्ये अशा जोडडिस्कची महिन्यातून एकदा तपासणी होते. दोन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचायच्या आणि नक्कल जुळते का बघायची. ती क्रॉनमध्ये लावलेली असते. कधी? महिन्याच्या पहिल्या रविवारी, रात्री 12 वाजून 57 मिनिटांनी! चार टीबी, सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने वाचायचे तर 40,000 सेकंद, म्हणजे अकरा तास. दुसरं काम आलं की ही तपासणी हळू व्हावी अशी सोय असते, पण जुन्या मशीनवर डिस्कच्या हेडची ओढाताण व्हायची ती होतेच. ज्यांनी रविवारची वेळ ठरवली त्यांनी सुट्टीचा दिवस म्हणूनच ती ठरवली असणार. घोटावड्याच्या शेडची सुट्टी गुरुवारी असते हे त्यांना कुठून माहीत!

आणि ही तपासणी आपल्या मशीनवर आहे हे मला माहीत नव्हतं. कर्नलच्या लॉगमध्ये 'डेटा-चेक' सुरू झाल्याची ओळ प्रत्येक वेळी पडत होती. कुठे बघायचं ते ठाऊक असतं तर खंडेनवमीलाच सापडली असती. मशीन मी बसवलं होतं. म्हणजे त्या खोलीत दोषी कोणी असेल तर तो मीच होतो. पेढा खात उभा!

तपासणी मी बंद केली नाही, कुणी करूही नये. डिस्कचा एखादा भाग गुपचूप खराब झालेला असतो आणि तो कळतो दुसरी डिस्क बंद पडल्यावर, म्हणजे फार उशिरा. मी फक्त रविवारच्या जागी गुरुवार केला. एका आकड्याचा बदल. जानेवारीच्या पहिल्या रविवारी टेम्पो वेळेवर निघाला.

मामांना मी सगळं दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो तर गेला."

दादा दिवाळीनंतर काम सोडून पिरंगुटच्या बाजूला दुसऱ्या कंपनीत लागला होता. मामांनी माझ्यासमोर त्याला फोन केला, झालं ते सांगितलं, परत ये म्हणाले. तो म्हणाला, इथे बरं चाललंय. मग मी फोन हातात घेतला आणि म्हणालो, "दादा, चूक माझी होती. मशीन रात्री एक वाजल्यापासूनच स्लो व्हायचं." पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, मी आलो तेव्हापासूनच." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. जिथे जाईन तिथे 'नोंदी किती दिवस ठेवता?' हा माझा प्रश्न. प्रोमेथियससारखं आजचं नावाजलेलं साधन घ्या. तुम्ही काही सांगितलं नाही तर ते 15 दिवस ठेवतं. जुन्या आरआरडीटूलची तऱ्हा वेगळी. त्याची फाईल कधी वाढत नाही, कारण जुन्या नोंदींची ते सरासरी करत जातं. पहिले काही दिवस पाच-पाच मिनिटांची नोंद, मग अर्ध्या तासाची सरासरी, मग दिवसाची. जागा वाचते, वर्षांची रेघ दिसते. पण 5 नोव्हेंबरची दिवसाची सरासरी काढली तर काय उरतं? 'त्या दिवशी मशीनवर ताण होता' एवढंच. रात्री एकला सुरू झाला ही गोष्ट त्या सरासरीत विरघळून जाते. आणि दादाला सोडवणारी गोष्ट नेमकी तीच होती! म्हणून किती दिवस ठेवायचं एवढंच ठरवून चालत नाही, किती बारीक ठेवायचं हेही ठरवावं लागतं. निदान सरासरीबरोबर कमाल आकडाही ठेवा, आरआरडीटूलमध्ये तशी सोय आहे.

नोंदी किती काळाने कामाला येतात याचं एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. माणसं तासातासाला सुईकडे बघून वहीत आकडे लिहायची. 1 आणि 2 सप्टेंबर 1859 ला सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. कुलाब्याच्या वहीत त्या वेळी सुमारे 1600 नॅनोटेस्लांची घसरण लिहिली गेली. लिहिणाऱ्याला तिचा अर्थ ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. 2003 साली, म्हणजे 144 वर्षांनी, भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून ते वादळ किती मोठं होतं याचा हिशोब मांडला. पुढे मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार म्हणून मोजणीत गडबड होईल, तेव्हा वेधशाळा अलिबागला हलवायचं ठरलं. पण त्या लोकांनी काय केलं? 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं, म्हणजे जुनी नोंद नव्या नोंदीला जोडता यावी. आपण मशीन बदलताना जुन्या मशीनवरच्या नोंदी फॉरमॅट करून मोकळे होतो!

माझी आजी तारीख सांगताना "पानशेत फुटलं त्या साली" किंवा "बहात्तरच्या दुष्काळात" असं सांगते. माणसाची आठवण अशीच असते. मोठं संकट साठ वर्षं लक्षात राहतं, गेल्या महिन्यातला साधा रविवार राहत नाही. मशीनचा उपयोग त्या साध्या रविवारासाठी आहे. आणि तो साधा रविवार कुणाच्या उपयोगाचा? मालकाच्या नाही, माझ्यासारख्या शहाण्याच्याही नाही. नोंद नसली की आम्ही आमच्या आवाजावर निभावून नेतो. नोंद लागते ती "मी काहीच केलं नाही" एवढंच ज्याला म्हणता येतं त्याला.

हे सगळं इथे लिहायचं कारण आपलं हॉस्टेल. नेट स्लो झालं की आपण ठरावीक रूमच्या नावाने ओरडतो. टाकीतलं पाणी संपलं की वॉचमनकाका पंप लावायला विसरले. मेसचं बिल वाढलं की मेसवाल्या मावशी. आपल्याकडे मागच्या महिन्याची नोंद असते का? पंप किती वाजता चालू केला याची एक वही पंपापाशी टांगली तर खर्च किती? स्टाफमधल्या सर-मॅडमनाही नम्र विनंती, लॅबच्या सर्व्हरवर हिस्टरीचा आकडा एकदा उघडून बघा. 7 असेल तर बदला. दोन मिनिटांचं काम आहे.

जाता जाता एक. 400 दिवसांचा नियम सगळ्यांनाच लागू, त्यामुळे डिसेंबर 2024 मध्ये 5 नोव्हेंबर 2023 ची फाईल आपोआप पुसली जाणार होती. त्याच्या आधी घोटावड्याला जाऊन मी ती पेनड्राइव्हवर घेऊन आलो. एक एमबीचीसुद्धा नाही. तिचा आता कुणाला काही उपयोग नाही. पण पुढे कधी कोणी मला विचारलं, "हे कोणी केलं असेल?" तर उत्तर द्यायच्या आधी आठवावी, म्हणून ठेवली आहे.

- अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी